मोजपट्टीचीही परीक्षा

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात वाढून पुढे मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो. धावणे, उडी मारणे, झेलणे या मुलांच्या मूलभूत हालचाली मोजणे हा आता माझ्या कामाचा भाग आहे. परंतु ज्या साधनाने मोजायचे, ते साधन कितपत खरे, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

अमेरिकेतील प्राध्यापक डेल उलरिक यांची ‘टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट’ ही चाचणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ३ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी १३ कौशल्ये आहेत. मूल किती वेगाने धावले यापेक्षा ते कसे धावले, हे ती पाहते. निकष दिसला तर १ गुण, न दिसला तर ०.

अशा साधनाची पारख दोन अंगांनी होते. एक विश्वसनीयता: एकाच मुलाला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण जुळतात का? दुसरी सप्रमाणता: जे मोजायचे, तेच मोजले जाते का?

लंगडीचे उदाहरण घ्या. एका पायावरील उड्यांच्या निकषांनुसार उचललेला पाय लंबकासारखा पुढे झुलावा, हात वाकवून पुढे न्यावेत आणि सलग चार उड्या व्हाव्यात. लंगडी घालणारी आमची मुलगी पाय दुमडलेलाच ठेवते आणि गडी बाद करण्यासाठी हात लांबवते. चारच काय, वीस उड्या ती सहज घेते; तरी त्या दोन निकषांवर तिला शून्य! स्टँडवरचा चेंडू बॅटने मारणे बेसबॉलच्या देशातील मुलांच्या परिचयाचे. विटी-दांडू खेळणाऱ्याला ती मांडणीच नवी. शिवाय तुलनेसाठीची मानके अमेरिकन मुलांवरून ठरलेली.

म्हणून साधन टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. चेंडू फेकताना विरुद्ध पाय पुढे पडत नाही, एवढे नेमके कळले तरी उद्या काय शिकवायचे ते उमगते. साधनाचा उपयोग शिकवण्यासाठी व्हावा, शिक्का मारण्यासाठी नव्हे.

परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना केला. छापील गुणपत्रकालाही हाच न्याय लागू आहे. दुसऱ्याच्या हातातील मोजपट्टीने अपात्र ठरणे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. सातव्या वर्षी ‘मंद’ असा शेरा मिळालेले मूल हळूहळू मैदानच सोडते.

तेव्हा पालकहो, पाल्याचे गुणपत्रक हाती आले की आदराने तीन प्रश्न विचारा: कोणी मोजले, कशाने मोजले आणि कोणाशी तुलना केली? हे विचारण्याचे बळ मला याच विद्यालयाने दिले.

जय भीम! नमो बुद्धाय!