तीनशे दहा पराभव आणि एक फ्री थ्रो

काल शुक्रवारी अप्रेझलच्या मीटिंगा एकदाच्या संपल्या. दरवर्षी या आठवड्यात मला पॅसाडीना आठवतं. तिथली थंडी वगैरे नाही (तिला थंडी म्हणणं म्हणजे नाशिककरांचा अपमान आहे), तर तिथल्या एका कॉलेजच्या जिममधले बाक, आणि त्या बाकावर वही उघडून बसणारे एक आजोबा. आज शनिवार आहे, चहाचा दुसरा कप झालाय, म्हटलं लिहूनच टाकावं.

तर झालं असं. २०१० च्या शेवटी मी ऑनसाईटला होतो. क्लायंटचं ऑफिस लॉस एंजेलिसच्या बाजूला, आणि आम्ही चौघं पॅसाडीनात एका अपार्टमेंटमध्ये. चौघांत मिळून गाडी एक, आणि त्या गाडीवर हक्क ज्याचं लग्न ठरलं होतं त्याचा, कारण त्याला शॉपिंग करायचं असायचं. उरलेल्या तिघांनी शनिवारी काय करायचं? कपडे धुवायचे, आठवड्याची भाजी करून ठेवायची, आणि मग एकमेकांची तोंडं बघायची. एका शनिवारी भाऊ (नागपूरचा, त्याला सगळेच भाऊ म्हणायचे) म्हणाला, "चला बे, कॅल्टेकात बास्केटबॉलची मॅच आहे. चालत जाता येते."

कॅल्टेक म्हणजे आपल्यासारख्यांचं देवस्थानच. जिथे रिचर्ड फाइनमन शिकवायचे, जी संस्था नासासाठी जेपीएल चालवते, ते कॅल्टेक. ज्यांनी फाइनमन वाचले नाहीत त्यांच्यासाठी : 'बिग बँग थिअरी'तला शेल्डन जिथे नोकरीला होता ते. पदवीला शिकणारी मुलं सगळी मिळून हजाराच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या ज्युनियर कॉलेजात याहून जास्त पोरं असतात. आणि या हजारातून बास्केटबॉलची टीम उभी करायची!

इथे थोडं तांत्रिक. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांच्या तीन पायऱ्या आहेत. टीव्हीवर दिसतात ती मोठमोठी विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये. कॅल्टेकसारखी छोटी कॉलेजं डिव्हिजन थ्रीमध्ये, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच आहे. म्हणजे पोरगा खेळतो तो हौसेनं. प्रवास, सराव, दुखरे गुडघे सगळं करायचं आणि रात्री परत येऊन प्रॉब्लेम सेट सोडवत बसायचं. ही कॉलेजं आपापल्या भागातली एक कॉन्फरन्स करून आपसात खेळतात. कॅल्टेकची कॉन्फरन्स १९१५ सालापासूनची : ऑक्सिडेंटल, व्हिटियर, रेडलँड्स, ला व्हर्न वगैरे. शेजारच्या क्लेअरमाँटमध्ये तर पोमोना आणि पिट्झर ही दोन कॉलेजं मिळून एक टीम उतरवतात, आणि तिथलीच दुसरी तीन कॉलेजं मिळून आणखी एक. आपल्या गल्ली क्रिकेटसारखंच, पोरं कमी पडली की शेजारच्या वाड्यातली घ्यायची.

आणि आता मुख्य गोष्ट. कॅल्टेकची पुरुषांची टीम कॉन्फरन्समधली शेवटची मॅच जिंकली होती ती जानेवारी १९८५ मध्ये. मी तेव्हा तिसरीत होतो. मैदानावर धावत होती त्या पोरांपैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. कॉन्फरन्सबाहेर एखादा विजय मिळायचा. २००७ च्या जानेवारीत त्यांनी न्यूयॉर्ककडच्या बार्ड कॉलेजला ८१-५२ असं हरवलं, आणि डिव्हिजन थ्रीच्या टीमशी सलग २०७ मॅच हरण्याची मालिका तोडली. त्याच वर्षी या टीमवर 'क्वांटम हूप्स' नावाची डॉक्युमेंटरीसुद्धा आली. पण कॉन्फरन्समध्ये शून्य ते शून्यच. आम्ही गेलो तेव्हा सलग पराभवांचा आकडा तीनशेच्या घरात होता.

जिममध्ये पन्नासेक माणसं असतील. हाफ टाइमपर्यंत कॅल्टेक वीसेक पॉइंटांनी मागे. आमच्या मागच्या बाकावर दोन विद्यार्थी बसले होते. त्यातला एक वैतागून म्हणाला, "ही पोरं प्रयत्नच करत नाहीत. मेली आहेत आतून." आमचा भाऊही मराठीत म्हणाला, "खरंय बे, याहीपेक्षा आपली हॉस्टेलची टीम बरी होती." मीही मान डोलावली. वीस पॉइंट मागे म्हटल्यावर आणखी काय दिसणार?

आमच्या पुढच्या बाकावर ते आजोबा होते. रिटायर्ड इंजिनीअर, मांडीवर वही. ते वळले आणि त्या पोराला शांतपणे म्हणाले, "तू मघापासून कुणाकडे बघतोयस?" तो म्हणाला, "बॉलकडे." (आणखी कुणाकडे बघणार?) आजोबा म्हणाले, "मग पुढची पाच मिनिटं बॉलकडे बघू नकोस. तो उंच पोरगा आहे ना, त्याच्याकडे बघ."

आम्ही तिघंही बघायला लागलो. मंडळी, प्रयोग करून बघा एकदा. बास्केटबॉलच्या मॅचमध्ये पाच मिनिटं बॉलकडे न बघणं किती कठीण आहे ते कळेल.

तो उंच पोरगा काय करत होता? समोरच्या टीमनं शॉट मारला की सगळे वर बघायचे. हा मात्र आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करून, गुडघे वाकवून त्याला रेटून बाहेर ठेवायचा. याला बॉक्स आउट म्हणतात. बॉल खाली आला की तिसराच कुणीतरी आरामात झेलायचा, आणि रिबाउंड लागायचा त्या तिसऱ्याच्या नावावर. मग हा धावत पलीकडे जायचा, सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे भिंतीसारखं उभं राहायचं आणि त्याच्या मागावरच्या माणसाची धडक अंगावर घ्यायची. शॉट दुसऱ्याचा. चुकला की सगळ्यांत आधी उलट पळत स्वतःच्या बास्केटखाली येणारा पुन्हा हाच. एकदा तर समोरून सुसाट येणाऱ्या धिप्पाड गड्यापुढे हा पाय रोवून उभा राहिला, छातीवर धडक घेतली आणि धाडकन आडवा झाला. फाऊल समोरच्यावर, बॉल कॅल्टेकला. छापील स्कोअरशीटवर या सगळ्याचा एकही कॉलम नसतो.

आजोबांच्या वहीत तेवढेच कॉलम होते. कुणी किती वेळा बॉक्स आउट केलं, सुटलेल्या बॉलवर कुणी झेप घेतली, परत पळत कोण आलं, कोण चालत आलं. पॉइंट लिहिलेलेच नव्हते. म्हणाले, "पॉइंट तर भिंतीवर दिसतातच, ते मी कशाला लिहू?" अनेक कोचेस असा तक्ता ठेवतात, त्याला हसल चार्ट म्हणतात, हे मला नंतर कळलं.

मागचा विद्यार्थी काही ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, "पण म्हणजे काय, प्रयत्न केले म्हणून हरणाऱ्यांना टाळ्या वाजवत बसायचं? तीनशे वेळा?" मला त्याचंही पटलं, आजही पटतं. आजोबा म्हणाले, "टाळ्या वाजवू नकोस. हरले तर हरले म्हण. ते उंचीला कमी आहेत, शॉट चुकतात, मान्य. पण प्रयत्न करत नाहीत असं म्हणायचं असेल, तर आधी मोजायला हवं. तू मोजलं नाहीस."

मॅच अर्थातच हरले. घरी येताना आम्ही यावरच बोलत होतो. भाऊनं डॉक्युमेंटरी शोधून काढली, ती बघितली. पोमोना-पिट्झरचा कोच म्हणून ग्रेग पोपोविच आपल्या पहिल्याच मोसमात, म्हणजे १९७९-८० मध्ये, याच कॅल्टेककडून हरला होता हेही आम्हाला कळलं. तोच पोपोविच, ज्यानं पुढे सॅन अँटोनिओ स्पर्सला पाच वेळा एनबीए जिंकून दिली. मला तर इतका साक्षात्कार झाला होता, की पुढचे दोन दिवस मी भेटेल त्याला हसल चार्ट समजावून सांगत होतो.

आणि सोमवारी ऑफिसात बसून मी ऑफशोअर टीमचे अप्रेझल फॉर्म भरले.

टीममध्ये एक मुलगा होता, दोन वर्षांचा अनुभव. कॉलवर गप्प. कधी स्वतःहून बोलायचा नाही, त्याच्या नावावर एकही मोठं फीचर नव्हतं. बाकीचे डेमो द्यायचे, क्लायंट त्यांची नावं घ्यायचा. मी त्याच्या फॉर्ममध्ये लिहिलं : 'ओनरशिप कमी. अधिक प्रयत्नांची गरज.' सगळ्यांत खालचं रेटिंग कुणाला तरी द्यायचंच होतं, ते त्याला गेलं. मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शनिवारची मॅच आठवलीही नाही. त्यानं आठवड्याभरात राजीनामा दिला. मी म्हटलं, जातोय तर जाऊ दे.

महिन्याभराचा नोटीस पिरियड संपून तो गेला १८ फेब्रुवारीला, शुक्रवारी. पुढच्या मंगळवारी, २२ तारखेला, कॅल्टेकची मोसमातली शेवटची मॅच होती, ऑक्सिडेंटलशी. (बराक ओबामा कोलंबियाला जाण्याआधी दोन वर्षं शिकले ते हे कॉलेज.) आम्ही तिघांनी जायचं ठरवलं होतं. पण पॅसाडीनात मंगळवारी संध्याकाळचे साडेसात म्हणजे पुण्यात बुधवारचे सकाळचे नऊ. कॉल लागला, आणि पलीकडून एकजण म्हणाला, "बिल्ड फेल झालंय."

बिल्ड रात्री चालायचं, आणि गेले आठ-नऊ महिने आमच्या कॉलच्या वेळेला ते कायम हिरवं असायचं. सोमवारी तुटलं तेव्हा सगळ्यांना योगायोग वाटला होता. आता पुन्हा तुटलं होतं. सगळे एकमेकांना विचारतायत, हे दुरुस्त कोण करतं? कुणालाच माहीत नाही. मी व्हर्जन कंट्रोलचा लॉग उघडला. आठवड्यातून दोनदा-तीनदा, सकाळी सात-साडेसातची वेळ, दोन-चार ओळींचा बदल, आणि प्रत्येकापुढे एकच नाव. त्याचं. इतरांनी रात्री घाईत टाकलेला कोड मोडायचा, हा सकाळी लवकर येऊन निस्तरायचा, आणि नऊच्या कॉलला गप्प बसायचा. हिरवं का आहे असं मी कधी विचारलंच नव्हतं. मी बॉलकडे बघत होतो.

लॉग खाली सरकवत असतानाच भाऊचा फोन आला. मागे नुसता आरडाओरडा. "जिंकले बे! जिंकले! येडे झालेत सगळे, मैदानात घुसलेत!"

४६-४५. एका पॉइंटनं. ३.३ सेकंद बाकी असताना रायन एल्मक्विस्टनं फ्री थ्रो टाकला, आणि २६ वर्षांची, ३१० पराभवांची मालिका संपली. मी तेव्हा हेडफोन लावून तुटलेलं बिल्ड जोडत होतो. मला वाटतं माझ्यासाठी तीच योग्य जागा होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॅल्टेक नुसत्या प्रयत्नांनी जिंकलं नाही. प्रयत्न तर आधीच्या पोरांनीही केले असणार, तरी ती हरतच राहिली. २००८ मध्ये ऑलिव्हर एस्लिंगर कोच म्हणून आले होते, टीम हळूहळू बदलत होती, आणि त्या रात्री तो एक फ्री थ्रो आत गेला. मेहनतीचं फळ मिळतंच असं मी इथे लिहिणार नाही. मला एवढंच कळलं, की निकाल दिसतो आणि मेहनत दिसत नाही, म्हणून आपण निकाल बघून मेहनतीबद्दल बोलतो. हरले म्हणजे प्रयत्न केले नसतील. गप्प आहे म्हणजे काम करत नसेल. 'कौशल्य कमी पडलं' असं लिहिताना आपण पुरावा शोधतो. 'प्रयत्न कमी पडले' असं लिहिताना मात्र कुणीच पुरावा मागत नाही, आणि लागतं तेच जास्त.

त्या मुलाला मी फोन केला. आठवडाभर धीर होत नव्हता, मग केला. लॉग बघितल्याचं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं, रेटिंग बदलण्यासाठी वर बोलतो म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या सर, आता नवीन ठिकाणी जॉईन झालोय." मग थोडा थांबून म्हणाला, "पण एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. आईला मी सांगितलं होतं, की यंदा चांगलं रेटिंग येईल."

यावर काय बोलणार? काही बोललो नाही.

तेव्हापासून माझ्याकडेही एक वही आहे. आता टीम मोठी झालीय, हत्यारं बदललीत, बिल्ड कुणी तोडलं हे मशीनच सांगतं. पण कुणी नव्या पोराला दोन तास बसवून समजावलं, कोण दुसऱ्याचा कोड खरोखर वाचून अभिप्राय देतं, कुणाचा बग नसताना कुणी रात्री जागून लावला, हे अजून कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही. फॉर्म भरण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तुमच्यासाठी कुणी असं काय केलं, जे मला दिसलं नसेल? यंदा एका नावाचं उत्तर सहा जणांकडून आलं. ती मुलगी कॉलवर क्वचितच बोलते.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी वही उघडून तिच्याबद्दल पंधरा मिनिटं बोललो. तरी कोट्यात बसेना. सोमवारी पुन्हा मीटिंग लावलीय. बघू.