आचारी, आचार्य आणि एक अदृश्य टॅब

आमच्या महाविद्यालयाच्या २०१६ च्या वार्षिकांकात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे राबलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या निरोपाचा वृत्तान्त होता. मथळा आम्ही दिला होता 'आमच्या आचाऱ्यास निरोप'. छापून आला तो 'आमच्या आचार्यास निरोप'. प्राचार्यांनी अंक उघडला, मथळा वाचला आणि बराच वेळ आमच्याकडे पाहिले. त्यांच्या निवृत्तीस अजून चार वर्षे होती.

दोष वस्तुतः आमचाच. त्या वर्षी आम्ही दोघांनी हट्टाने अंकासाठी एक मुक्तस्रोत देवनागरी फाँट निवडला होता. विकतच्या फाँटांचे परवाने महाविद्यालयाला परवडत नव्हते, हे एक कारण. आणि ज्ञान मुक्त असावे असे वर्गात सांगणाऱ्यांनी निदान आपला अंक तरी मुक्त अक्षरांत छापावा, हे दुसरे. फाँट देखणा होता, परंतु मराठीतला 'ऱ्य' त्याला येत नसे. युनिकोडवाले ज्याला 'आयलॅश र' म्हणतात, तो पापणीसारखा अर्धा र उमटण्याऐवजी नुक्ता दिलेला र, त्याखाली पाय मोडल्याची खूण आणि पुढे सुटा य, असे तुकडे पडत. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांना ते कुरूप वाटले आणि त्यांनी सरळ रफार देऊन टाकला. दऱ्यांचा दर्या झाला, आचाऱ्याचा आचार्य झाला. हिंदीला या र ची गरज पडत नाही. फाँट घडवणाऱ्यांपुढे बहुधा हिंदीचीच अक्षरे असावीत, असा आमचा तर्क आहे.

मुक्तस्रोताची ग्वाही अशी की, चूक दिसली तर दुरुस्त करा. मूळ संहिता सर्वांना खुली आहे. पाठचिकित्सा शिकवण्यात ज्यांची उमर गेली त्यांना याहून मोठे आमंत्रण कोणते? पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर वाट दाखवली आणि आम्ही त्या संहितेत शिरलो. आश्चर्य म्हणजे ती पापणी फाँटात रेखाटून ठेवलेली होती. ती केव्हा वापरायची, हा नियमच तेवढा लिहायचा राहिला होता. नियम एका ओळीचा. ती ओळ आम्ही दहा मिनिटांत लिहिली.

पुढचे तीन आठवडे कशात गेले ते सांगायला हवे. लिहिलेली ओळ म्हणजे फाँट नव्हे. संहितेपासून संगणकाला वापरता येईल अशी फाइल तयार करावी लागते. तिला 'बिल्ड' म्हणतात, आपण बांधणी म्हणू. हस्तलिखिताचे पुस्तक व्हावे तसेच हे. फरक इतकाच की, येथे मुद्रितशोधन करू इच्छिणाऱ्याने आधी आपल्या घरी छापखाना उभारावा अशी अपेक्षा असते. पायथॉन हवे, तेही अमुक आवृत्तीचे. त्याला चार साहाय्यक संच हवेत, त्या प्रत्येकाचे आणखी दोन मागणे. अक्षरांच्या आकृत्या ज्या स्वरूपात साठवल्या होत्या ते एका विकतच्या प्रणालीचे, आणि ती प्रणाली एकाच कंपनीच्या संगणकावर चालणारी. तिला वळसा घालणारी मुक्त अवजारे आहेत, हे विद्यार्थ्याने सांगितले; ती आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रावर बसेनात.

सर्व जुळत आले तेव्हा 'मेकफाइल' नावाच्या कृतिपत्रिकेत आम्हाला एक ओळ घालावी लागली. ओळीच्या आरंभी आम्ही नीट आठ वेळा स्पेसची कळ दाबली. संगणक म्हणाला, 'मिसिंग सेपरेटर'. दोन पोथ्या ताडून पाहाव्यात तशी आम्ही ती ओळ वरच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. भेद सापडला नाही. सापडणे शक्यच नव्हते. तेथे टॅबची कळ हवी होती, आणि टॅबची मोकळी जागा व स्पेसची मोकळी जागा डोळ्यांना सारखीच दिसते.

या टॅबचा इतिहास आम्ही पुढे वाचला. 'मेक' हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये लिहिले. एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली होती: चूक सुधारूनही नवी बांधणी झाली नव्हती, आणि तो जुनीच प्रत तपासत बसला होता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून हे अवजार. टॅबची सक्ती बरी नव्हे हे फेल्डमन यांना लवकरच जाणवले. परंतु तोवर वापरणारे डझनभर लोक, बहुतेक मित्रच, जमले होते, आणि त्यांची घडी विसकटू नये म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. या अवजारासाठी त्यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्या डझनभर मित्रांच्या सोयीची किंमत चाळीस वर्षांनी दोन मराठीचे अध्यापक मोजत होते, हेही खरे.

अखेर आम्ही ती ओळ, न बांधता, फाँट सांभाळणाऱ्या मंडळींकडे धाडली. उत्तर सौजन्याचे आले: बांधून पाहिलेत का? नाही, असे लिहावे लागले. प्रश्न गैर नव्हता. न तपासलेली ओळ स्वीकारून फाँट बिघडला तर उत्तरदायी तेच. मात्र त्यामुळे झाले असे की, ज्यांना चूक दिसत होती त्यांना फाँट बांधता येत नव्हता आणि ज्यांना बांधता येत होता त्यांना 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' यांत काही बिघडले आहे हे दिसत नव्हते. ओळ पडून राहिली.

महानुभावांच्या सकळ लिपीतल्या पोथ्या आम्ही दरवर्षी शिकवतो. पोथी समोर, अक्षरे मराठी, भाषा मराठी. तरी विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली अभ्यासकांना मिळेपर्यंत पंथाबाहेरच्यांना ती मुकीच. तेथे गोपन हेतुपुरस्सर होते. येथे कोणाचाही तसा हेतू नाही, सगळे बिचारे दार उघडे ठेवून बसले आहेत. म्हणूनच तक्रार कोणाकडे करावी ते कळत नाही. जीपीएल या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही अडचण ओळखली होती: बांधणी व स्थापना करणाऱ्या आज्ञाही मूळ संहितेतच मोडतात, असे ती सांगते. मुक्त फाँटांसाठी सर्रास वापरला जाणारा ओपन फाँट परवाना मात्र मूळ आकृत्या देण्याचे बंधनही घालत नाही.

या बाबतीत लिबरऑफिसचे उदाहरण आम्हाला उद्बोधक वाटते. त्याचे मूळ स्टारऑफिस या जर्मन प्रणालीत. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटून लिबरऑफिस निघाले तेव्हा त्याच्या वाट्याला एक अवाढव्य संहिता, जर्मन भाषेतल्या असंख्य टिपा आणि 'डीमेक' नावाच्या अवजारावर व पर्ल भाषेतल्या आज्ञांवर उभी असलेली, मोजक्यांनाच अवगत अशी बांधणी आली. नवी मंडळी दोन कामांना लागली. जर्मन टिपांचे इंग्रजी करणे हे नवशिक्यांसाठीचे सोपे काम ठरवले गेले, आणि ओपनऑफिसच्या काळातच आरंभलेले बांधणीचे रूपांतर पुढे नेऊन सारे प्रचलित मेकवर आणले गेले. पहिल्या काही वर्षांत शेकडो नवे हात लागले. श्रेय एकट्या बांधणीचे नव्हे. पण अनुवाद आणि बांधणी ही कामे त्यांनी नव्या वैशिष्ट्यांइतकीच महत्त्वाची मानली, याचे आम्हाला अप्रूप वाटते. आजही त्याची संपूर्ण बांधणी साध्या संगणकावर काही तास घेते.

आमच्या फाँटाचे पुढे काय झाले? २०२१ मध्ये सांभाळणाऱ्यांनी बांधणी दूरच्या यंत्रावर सोपवली. आता कोणीही ब्राउझरमध्ये ओळ बदलावी. यंत्र आपोआप फाँट बांधते आणि तपासण्यासाठी फाइल हाती देते. आम्ही आपली पाच वर्षांपूर्वीची ओळ पुन्हा धाडली. चहा पिऊन येईपर्यंत फाँट तयार होता. वार्षिकांकाची जुनी फाइल उघडली, मथळा पुन्हा टंकला, आणि पापणी उमटली. या वेळी 'बांधून पाहिलेत का?' या प्रश्नाला आम्ही चित्रासह उत्तर दिले. आठवड्याभरात ओळ स्वीकारली गेली.

नव्या छापील प्रतीचे पान घेऊन आम्ही त्या वृद्ध आचाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "सर, आधीचंच बरं होतं की."

'ऱ्ह' अजून नीट उमटत नाही. त्याची ओळ परवा धाडली आहे.