हात सोडण्याचा धडा

आमच्या धर्मग्रामात एक जन्मांध मुलगा आहे. रविवारच्या मिस्सानंतर त्याचा पंजा घट्ट धरून त्याला चर्चच्या पायऱ्या उतरवण्याचे काम आम्ही अनेक वर्षे मोठ्या हौसेने केले. मे महिन्यात तो मुंबईच्या अंधशाळेतून सुटीवर आला. नेहमीप्रमाणे आम्ही हात धरताच तो नम्रपणे म्हणाला, ''फादर, तुम्ही मला ओढता. मीच तुमचा दंड धरतो.''

आम्ही ओशाळलो. त्याने आमच्या कोपराच्या किंचित वर हलकेच धरले व तो अर्धे पाऊल मागे राहिला. आम्ही पायरी उतरलो की आमच्या दंडावरून त्याला ते आपसूक कळे. सांगावे लागलेच नाही.

मग त्याने आम्हांला पांढऱ्या काठीची विद्या समजावली. काठी साधारण छातीपर्यंत पोहोचेल एवढी लांब असते. उजवे पाऊल पुढे पडताना तिचे टोक डावीकडे टेकते, डावे पडताना उजवीकडे. अशा रीतीने पुढचे पाऊल जिथे पडायचे, तिथली जमीन आधीच तपासली जाते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी अमेरिकेतील व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात १९४४ च्या सुमारास ही पद्धत विकसित केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एकट्याने चर्चला यायचे होते. ''फादर, तुम्ही तरी त्याला अडवा,'' असे त्याची आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. आम्ही अडवले नाही. दहा पावले मागे राहून मुकाट्याने चालू लागलो.

विहिरीपाशी त्याचे वळण चुकले. हाक आमच्या ओठांवर आली होती. ती गिळणे फार जड गेले. तो थांबला. काठीने त्याने रस्त्याची कड चाचपली, कान दिला. पिठाची गिरण डाव्या हाताला वाजत होती, ती उजव्या हाताला हवी होती. तो वळला आणि योग्य वाटेला लागला.

चर्चच्या पायरीवर पोहोचताच तो हसून म्हणाला, ''फादर, तुमच्या चपला घरापासून ऐकतोय.''

आंधळ्या बार्तीमयाला बरे करण्यापूर्वी प्रभू येशूने त्याला काय हवे, ते विचारले होते. त्या उताऱ्यावर आम्ही कितीदा तरी प्रवचन केले. पण या मुलाला मात्र ते एकदाही विचारले नव्हते.