कुणाकडे जायचंय?

पुण्याच्या पेठांत पत्ता सांगायचा तो देवाच्या नावानं. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, हत्ती गणपती. वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी ती चालवायला शिकले आणि घरातले सगळे निरोप, डबे माझ्याकडे आले. बोळांत शिरलं की दिशा हरवायची. मग ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजींना विचारायचं. त्या आधी उलट विचारत, “कुणाकडे जायचंय गं?” रस्त्याचं नाव त्यांना नकोच असे. माणूस कळला की घर कळलं. कॉलेजात असताना ताम्हिणीतून कोकणात उतरतानाही असंच झालं. एका धनगरवाड्यावर वाट विचारली, तर आधी ताक हातात आलं, वाट नंतर.

पुढे नोकरी, गाडी, फोनमधला नकाशा. वाट विचारणं कधी थांबलं ते कळलंही नाही.

निवृत्तीनंतर आम्ही चार शाळामैत्रिणी नेदरलँड्सला सायकलवर फिरायला गेलो. सोबत मार्गदर्शक नाही. सायकली भाड्याच्या, सामान गाडीनं पुढच्या मुक्कामाला जाणार आणि आमच्या हाती फक्त आकड्यांची एक चिठ्ठी. तिथे सायकलच्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक ठिकाणाला जास्तीत जास्त दोन अंकी क्रमांक दिलेला असतो. आजचे आकडे ओळीनं लिहून हँडलला लावायचे आणि पाटी बघत एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जायचं. ही कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियममधली, लिंबर्ग प्रांतातली. ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्यानं ती मांडली आणि १९९५ मध्ये तिथे पहिलं जाळं सुरू झालं. जमिनीखालच्या बोगद्यांच्या फाट्यांना खाणीत नंबर असत, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. त्या प्रांतातली शेवटची कोळशाची खाण, झोल्डरची, १९९२ मध्ये बंद झाली. तीन वर्षांत अंधारातली ती रीत उन्हात आली, सायकलस्वारांच्या उपयोगी पडली. मला हे फार मोठं वाटतं.

मास्ट्रिख्टहून आम्ही मास नदीच्या काठानं उत्तरेला निघालो. मुक्काम थॉर्नला, पांढऱ्याशुभ्र घरांच्या त्या गावात. अंतर ४५-५० किलोमीटर, रस्ता सपाट. डाव्या हाताला नदी, पलीकडचा काठ बेल्जियमचा. दुपारपर्यंत आकडे आज्ञाधारकपणे एकामागून एक येत गेले. मग बांधाचं काम लागलं. मासला १९९३ आणि १९९५ साली मोठे पूर आले होते, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. या पुरांमुळे बांध उंच करण्याची कामं चालू आहेत. पिवळ्या पाट्यांनी आम्हाला वळसा घालायला लावला आणि दोन-तीन वळणांनंतर त्या पिवळ्या पाट्याही दिसेनाशा झाल्या. शेतं, पॉपलरच्या रांगा, एकही माणूस नाही. मग एक लांब पूल आला. तो ओलांडल्यावर चिठ्ठीवरचाच एक आकडा समोर दिसला आणि आम्ही आनंदानं ओरडलो. बँकेत आयुष्य गेलेल्या मैत्रिणीनं मात्र सायकल थांबवली. “अगं, पाटी निळी आहे. सकाळपासून आपल्याला हिरवे आकडे दिसतायत.”

तिचं बरोबर होतं. निळी पाटी बेल्जियमची. आकडे बहुतेक दोनच अंकी असल्यानं दुसऱ्या भागात तेच पुन्हा येतात. आम्ही देश ओलांडला होता आणि कुणी अडवलंही नव्हतं.

फोन होता. त्यानं मोटारींचा मोठा रस्ता दाखवला, तोही पावसाच्या थेंबांतून. आम्ही समोरच्या गावात शिरलो. ते मासाइक. मोठ्या चौकात व्हॅन आइक या चित्रकार भावांचा पुतळा, कारण हे गाव त्यांना आपलं मानतं. कोपऱ्यावर एक बाई पावाचं दुकान बंद करत होत्या. आमच्या चिंब कपड्यांकडे बघून त्यांनी दार पुन्हा उघडलं. कुठे जायचंय हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, शेवटचा हिरवा आकडा कोणता पाहिलात? तो ऐकून त्यांनी पावाच्या कागदी पिशवीवर आकडे लिहायला घेतले, निळे आधी, मग हिरवे. जिथे पाटी झाडामागे लपते तिथे फुली मारली. नंबरांचं एवढं चोख जाळं, पण त्यातली ती लपलेली पाटी फक्त तिथे राहणाऱ्या माणसालाच ठाऊक होती.

मग त्यांनी आम्ही कुठून आलो ते विचारलं, आणि शाळेपासूनची मैत्री म्हटल्यावर त्या जरा वेळ टेकल्याच. त्यांचीही एक बालमैत्रीण नदीपलीकडे, दुसऱ्या देशात राहते, दर आठवड्याला सायकलवर भेटायला येते. पेठेतल्या ओट्यावरच्या आजींनंतर कितीतरी वर्षांनी मी एका अनोळखी बाईशी वाटेवरून सुरू करून घरापर्यंत बोलले.

आमच्या पिढीनं हे विचारणं सोडायला नको होतं, असं माझं ठाम मत झालं आहे. हातातला नकाशा तुम्ही कुठे आहात ते सांगतो, तुमच्यासाठी दुकान मात्र पुन्हा उघडत नाही. तुम्ही जाणार असाल तर आकड्यांची चिठ्ठी जरूर घ्या, फोनही घ्या, पण चुकलात की आधी माणूस शोधा. आणि शक्यतो जूनमध्ये जा. तिकडे तेव्हा रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो.