दादा, सभेत हा विषय मांड

वाळवा, श्रावण

प्रिय दादा,

राखी वेगळ्या टपालानं पाठवली आहे. हे पत्र तुमच्या साखर कारखान्याच्या कामाचं आहे. सप्टेंबरात तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल आणि दसरा झाला की बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड टोळ्या येऊन उतरतील. त्याआधी संचालक म्हणून तू एक काम करावंस, म्हणून लिहितेय.

आधी आपल्या घरचंच आठव. आपले तात्या पाटण खोऱ्यातनं मुंबईला गेले, मशीद बंदरला गोण्या उचलू लागले. तेव्हा त्यांची हजेरी कुणाकडे नव्हती. माल उतरवून घेणारा देईल ती मजुरी. अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि चित्र पालटलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मजुरीचं वाटप, फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मंडळानं बघायचं. मालक कितीही बदलोत, कामगाराची नोंद एकच. तात्यांच्या ऑपरेशनाला आईला अंगावरचं सोनं मोडावं लागलं नाही, ते या नोंदीमुळे. साताऱ्या-सांगलीची किती घरं त्या एका कायद्यावर उभी राहिली, हे तुला मी सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्यांत पोट भरायला दुसरे येतात. त्यांना काय मिळतं?

उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, तेव्हापासून ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर माझं जाणं आहे. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात असते. नवरा तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीचे दिवसही तिथंच काढायचे. दिवस भरत आले तरी काम सुटत नाही, कारण खाडा पडला की मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात कापून घेतो. आपल्या दवाखान्याची सकाळची ओपीडी चालते तेव्हा ती उसात असते, आणि ती मोकळी होते तेव्हा दवाखान्याला कुलूप. मग अंगावरून पांढरं जाण्याचं साधं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं, आणि गावी परतल्यावर कुणीतरी कॅन्सरची भीती घातली की गर्भपिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातलं सर्वेक्षण आलं: ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. बातम्या बीडच्या नावानं छापून आल्या. पण त्या बायका हंगामाचे पाच-सहा महिने ऊस तोडतात तो आपल्या पट्ट्यात. त्या दुखण्यात आपला वाटा आहे, दादा, आणि तो आपण कधी मानला नाही.

कायद्याचा आधार म्हणावा, तर केंद्रानं १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला, पण राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता. बीडकडच्या केजची टोळी कर्नाटकात निपाणीला गेली तर त्यात बसायची, वाळव्याला आली तर नाही.

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्याला माथाडी मंडळाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल म्हणता येईल. कारखान्यानं गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे. १० लाख टन गाळप झालं तर एका कारखान्याचे १ कोटी होतात, सरकारचे धरून दोन. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं काढली, तीही चांगली गोष्ट. ती मजुरांच्या मूळ तालुक्यांत आहेत आणि तिथंच हवीत. पण ताप आलेलं तान्हं पोर जानेवारीत इथं असतं, आईजवळ, कोपीत. दूरवरचं कार्यालय त्याला औषध देऊ शकत नाही.

म्हणून मागणं तुमच्या कारखान्याकडे आहे. पहिलं म्हणजे नोंद. नवरा-बायको मिळून एक कोयता, करार नवऱ्याच्या नाहीतर मुकादमाच्या नावावर; बाईचं नाव कुठल्याच कागदावर कामगार म्हणून येत नाही. महामंडळाचं ओळखपत्र असो की अपघाताचा विमा, नावावाचून पुढचं सगळं अडतं. तात्यांना हक्क मिळाले ते त्यांचं नाव मंडळाच्या वहीत चढल्यावरच. टोळी उतरेल त्या दिवशी गव्हाणीवर नाही, कोप्यांवर जाऊन प्रत्येक बाईचं नाव स्वतंत्र लिहा. गरोदर कोण, कुणाच्या बाळाचा लसीचा कुठला डोस राहिलाय, तेही त्याच वहीत येऊ दे.

दुसरं, आज कुठली टोळी कुठल्या गटात तोडतेय हे तुमच्या चिटबॉयला रोज माहीत असतं. आशाताईला आणि आरोग्यसेविकेला ते कळत नाही. त्या कोप्या शोधत फिरतात, तोवर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. तोडणीचा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायला कारखान्याला एक पैसा लागत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. त्या माहितीवरून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सहानंतर दवाखान्याची गाडी कोप्यांवर जावी, सोबत बाई डॉक्टर असावी. आणि तपासणीला किंवा बाळंतपणाला गेलेल्या बाईचा खाडा धरायचा नाही, ही अट मुकादमाच्या करारात कारखान्यानंच घालावी. उचलीचा पैसा कारखान्यातून निघतो, तेव्हा अट घालायचा अधिकारही कारखान्याचा आहे.

कुणी म्हणेल, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ दिली, आता आणखी काय. त्याला सांग, वाढ घामाची होती. दवाखाना, कागदावरचं नाव आणि बाळंतपणाची रजा त्यातून मिळत नाही.

ठराव लिहून सोबत ठेवलाय. सभेपुढे यायचा तर तो आधी लेखी द्यावा लागेल, तेव्हा या आठवड्यातच अध्यक्षांच्या हाती दे. सूचक म्हणून तुझं नाव घातलंय; अनुमोदन कोण देईल ते फोनवर सांग. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
माई