आपल्याकडे, तुमच्याकडे

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठगावात मी मराठीचा भाषा-साहाय्यक होतो. साताऱ्याच्या महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन गेलो होतो, आणि तिथे माझे हे दुसरे वर्ष चालू होते. ‘साहाय्यक’ या हुद्द्याने आमच्या शेजाऱ्यांना मात्र बराच घोर लावला होता. “इथं तर चांगले प्रोफेसर होते, तिकडं जाऊन असिस्टंट झाले!” असे ते आईला म्हणाले होते म्हणे.

साताऱ्यात माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर ऐंशी नावे असत आणि बाकांवर पंधरा मुले. तिथे पटावर पाच आणि बाकांवरही पाच. शिवाय पाचहीजण घरचा अभ्यास करून येत. अशा वर्गाची मास्तराला भीती वाटते, हे मला जर्मनीत जाऊन कळले.

नाताळच्या सुटीआधीचा तो शेवटचा तास होता. एका मुलाने विचारले, “तुम्ही वर्गातून निघताना ‘येतो’ का म्हणता? तुम्ही तर जात असता.” मी म्हणालो, “आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ मानतात.” त्याने ‘अशुभ’ हा शब्द वहीत टिपून घेतला. पण शेजारच्या चष्मेवाल्या मुलीचा हात वर झाला. “गेल्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत की ‘आपण’मध्ये ऐकणाराही धरलेला असतो आणि ‘आम्ही’मध्ये तो नसतो. आम्ही तर तिकडचे नाही. मग ‘आमच्याकडे’ म्हणायला हवं होतं ना?”

तिने माझी चूक पकडली होती. जर्मनांना दोन्हींसाठी एकच सर्वनाम पुरते. इंग्रजांचेही तसेच. मराठीला मात्र दोन लागतात. पाहुण्याला “आम्ही जेवतो” म्हटले तर तो बिचारा बाहेर वर्तमानपत्र वाचत बसेल. “आपण जेवू” म्हटले तर हातपाय धुवायला उठेल. हेच उदाहरण मी त्यांना दिले होते आणि ते पोट धरून हसलेही होते. आता मीच त्यांना न विचारता पानावर बसवले होते. मी फळ्यावर ‘आमच्याकडे’ असे दुरुस्त करून लिहिले. पण तो शब्द लिहिताना मला उगीच परके वाटले, हे काही त्यांना सांगितले नाही.

आमचे पाठ्यपुस्तकही ओळखीच्या गावचे निघाले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्यासाठी मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी जी पुस्तके केली, ती फलटणला बसून; म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यात. बर्नसनबाई अमेरिकेच्या. फलटणमध्ये कोण कसे मराठी बोलतो याचा अभ्यास करून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि फलटणलाच शाळा काढली. जाई निंबकर या इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या, आणि इरावतीबाई १९२८ साली शिकायला गेल्या त्या बर्लिनला. मी सातासमुद्रांपलीकडे मराठी पोहोचवायला निघालो होतो खरा, पण ही वाट आधीच चांगली मळलेली होती.

वीस-एकवीस तारखेला ते गाव रिकामे होऊ लागते. विद्यार्थी पाठीवर पिशव्या टाकून घरी जातात आणि दुकाने लवकर मिटतात. आपण दिवाळीला जसे घराकडे धावतो, तसे ते नाताळला. माझ्या दोन दिवाळ्या तिथेच, सत्र चालू असताना, विजेच्या शेगडीवर पोहे भाजण्यात गेल्या होत्या. सुटी मिळायची ती नाताळची. तेव्हा त्यांच्या सणाला मी माझ्या घरी निघालो. खिशात एक पत्र होते. विद्यापीठाने आणखी तीन वर्षे राहाल का म्हणून विचारले होते. कुटुंबालाही आणता येईल, उत्तर जानेवारीत कळवा, असे लिहिले होते.

फ्रँकफुर्टहून मुंबई, मुंबईहून पुणे, आणि स्वारगेटहून साताऱ्याची विनाथांबा गाडी. खंबाटकीचा घाट चढताना एसटीने नेहमीचा दमेकरी सूर लावला तेव्हा मला झोप लागली, ती उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली तेव्हा उघडली. समोर अजिंक्यतारा. हा किल्ला काही सुंदर नाही. माथा सपाट, बाजू उघड्याबोडक्या, आणि डिसेंबरात गवत वाळले की तर पारच पिवळट. पण साताऱ्याच्या माणसाला दिशा कळते ती त्याच्यावरून. जर्मनीत मी दोन वर्षे रस्ता चुकत होतो, त्याचे कारण तिथे डोके वर केले की अजिंक्यतारा दिसत नव्हता.

पोवई नाक्यावर कंदी पेढे घेतले. ओळखीचे गृहस्थ भेटले. “कधी आलात, कधी जाणार?” असे त्यांनी एका दमात विचारले. अजून मी घरीसुद्धा पोहोचलो नव्हतो!

यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या घरी माझे स्वागत पाण्याच्या सीलबंद बाटलीने झाले. सौभाग्यवतींनी ती मुद्दाम आणून ठेवली होती. “तिकडची सवय झाली असेल, पोट बिघडायला नको,” असे त्यांचे म्हणणे. मी माठातलेच पाणी प्यालो आणि, सांगायला लाज वाटते, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलेच. आईने दिवाळीचा डबा काढला. माझ्या वाटणीच्या चार करंज्या, चकल्या आणि लाडू तिने ऑक्टोबरपासून राखून ठेवले होते. करंजीला किंचित खवट वास येत होता. मी चारही खाल्ल्या.

दहा वर्षांची मुलगी मांडीला मांडी लावून बसली आणि तिने विचारले, “बाबा, तुमच्याकडे आता बर्फ पडला असेल ना?”

मुलगी मला ‘तू’ म्हणते. तेव्हा हे ‘तुमच्याकडे’ आदरार्थी नव्हते, अनेकवचनी होते. ‘तुम्ही’ म्हणजे मी आणि ते सगळे जर्मन. मी व्याकरणाचा माणूस. असली गोष्ट चटकन लक्षात येते. न येती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याने विचारले, “आईंचा पाय आता कसा आहे?” मला काहीच माहीत नव्हते. घरी येऊन खोदून विचारले तेव्हा कळले, की श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली होती. तीन आठवडे अंथरुणावर होती. त्या काळात मी दर रविवारी फोनवर तिच्याशी बोलत होतो. ती पडद्यावर नीट बसलेली, केस विंचरलेली दिसे. मागे उश्या लावल्या होत्या, एवढेच दिसत नव्हते.

“मला का नाही सांगितलं?”

“आम्ही ठरवलं, तुला कळवायचं नाही,” आई शेंगा सोलता सोलता म्हणाली. “तू तिथं करणार काय होतास?”

उत्तर बरोबर होते. मी काहीच करू शकलो नसतो. पण ‘आम्ही ठरवलं’ हे शब्द तिने ज्या सहजपणे उच्चारले, त्यापुढे माझा फळ्यावरचा सगळा तक्ता फिका पडला. ऐकणारा वगळला जातो तो असा. तिच्या पायाला बांधलेला पट्टा नऊवारीच्या काठाखाली होता. तो मला आल्यापासून दिसला नव्हता.

चोवीस तारखेला आम्ही सगळे रेल्वेने सांगलीला निघालो, अक्काकडे. साताऱ्याचे स्टेशन गावापासून चांगलेच दूर, माहुलीच्या बाजूला. त्यामुळे गाडी पकडण्याआधीच एक प्रवास होतो. कराड मागे पडले की डोंगर हळूहळू बाजूला सरतात आणि काळी जमीन सुरू होते. किर्लोस्करवाडी आली तेव्हा आईने नेहमीप्रमाणे बाहेर पाहिले. तिच्या माहेरी ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके येत, आणि ती इथे छापली जात याचा तिला अजून अभिमान आहे. जणू छापखाना तिच्या काकांचा होता!

अक्काचे घर गावभागात. दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन रेघा आहेत: खालची २००५ च्या पुराची, वरची २०१९ च्या. रंग देताना दाजींनी त्या मुद्दाम सोडल्या आहेत. पाहुणे आले की दाजी आधी रेघा दाखवतात, मग चहा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याचे फूट ते शेअरबाजाराच्या भावासारखे सांगतात.

संध्याकाळी आम्ही हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा तिथे भेटतात. वर संगमेश्वराचे देऊळ आहे. ‘शारदा’ लिहिणारे देवल याच गावचे. हळद साठवण्याची पेवेही इथली प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पण पुराचे पाणी शिरले आणि कित्येक पेवे निकामी झाली. दाजी हे सांगत असतानाच अक्काने विषय काढला. तिने सगळे ठरवून ठेवले होते. मी बायकोमुलीला घेऊन तीन वर्षे जर्मनीला जावे आणि आईने सांगलीला यावे.

आई घाटाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, “तुम्ही खुशाल जा. मी साताऱ्यातच बरी. सांगलीला पाणी येतं.”

“दरवर्षी येतं का गं आई?”

“येतं ते एकदाच येतं. या वयात मला दोरीला धरून नावेत कोण बसवणार?” मग जरा थांबून म्हणाली, “सकाळी दूधवाला हाक मारतो तेव्हा सहा वाजलेले असतात. मला घड्याळ बघावं लागत नाही.”

रात्री गच्चीवर भडंग खाताना सौभाग्यवती म्हणाल्या, “आईंना विचारलंत, अक्कांनी सांगितलं. माझी शाळा, माझी नोकरी, मला कुणी विचारलंच नाही. ते पत्रसुद्धा मला तुमचा कोट झटकताना सापडलं.” यावर मला उत्तर नव्हते. ‘आम्ही ठरवलं’ म्हणण्याचा हक्क फक्त त्या दोघींनीच बजावला होता असे नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

पंचवीस तारीख रविवारची होती. मुलीला नाताळ पाहायचा होता, म्हणून सकाळी मिरजेला गेलो. वाटेत वानलेसवाडी लागते. डॉ. वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले. त्या डॉक्टरांचे नाव या वस्तीने असे मराठमोळे करून घेतले आहे. देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, पेटी आणि तबल्यावर भजन चालले होते. बायकांच्या अंबाड्यांत शेवंती होती. रेव्हरंड टिळकांची आठवण झाली. त्यांनी आपली अखेरची दोन वर्षे साताऱ्यात काढली. १९१९ मध्ये ते गेले. परक्या चालींऐवजी अभंग आणि ओव्यांतून भक्ती करावी हा त्यांचा आग्रह होता, आणि तो इथे शंभर वर्षांनीही ऐकू येत होता.

मग सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्यात पित्याला हाक आहे ती ‘आमच्या’ म्हणून, ‘आपल्या’ म्हणून नव्हे. आयुष्यात कितीदा तरी ऐकलेली ही गोष्ट त्या दिवशी मला नव्याने ऐकू आली. बरोबरच आहे. प्रार्थना देवालाच उद्देशून. ‘आपल्या’ म्हटले तर देवालाही वर एक पिता असल्यासारखे होईल. इंग्रजीत ही अडचणच नाही. विल्यम केरीने श्रीरामपूरला १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये नवा करार. त्याच्या हाताशी मराठीसाठी वैजनाथ पंडित होते. पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला, त्यामागेही ब्राह्मण साहाय्यकांचा ताफा होता. साहेबाला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद असल्याच कोणी शास्त्र्याने समजावला असणार. म्हणजे आमचा हा साहाय्यकाचा धंदा दोनशे वर्षांचा जुना! शेजाऱ्यांना हे सांगायला हवे होते.

मी हे सारे मुलीला कुजबुजत सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे देवाला आपल्यात घेतलंच नाही?”

पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी वळून पाहिले. आम्ही गप्प बसलो. नंतर त्याच आजीबाईंनी तिच्या हातावर केकचा तुकडा ठेवला.

साताऱ्याला परतल्यावर एका दुपारी चार भिंतींपर्यंत चढून गेलो. बरोबर सौभाग्यवती होत्या. खाली शहर पसरले होते, शाळा सुटल्याचा गलका वरपर्यंत येत होता. पत्र दोघांनी मिळून वाचले, उत्तर दोघांनी मिळून लिहिले. जुलैपर्यंतचे सत्र पुरे करीन, पुढली तीन वर्षे जमणार नाही, आभारी आहे. मला वाईट वाटले नाही असे नाही. असा अभ्यास करून येणारा वर्ग पुन्हा मिळायचा नाही. खाली उतरताना त्या म्हणाल्या, “मी कदाचित हो म्हटलं असतं.” मी थांबलो. “पण विचारलं असतंत तर,” असे म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

निघायच्या आदल्या रात्री आई ओट्याशी स्टूल घेऊन बसली आणि तिने चकल्या तळल्या. पायाला त्रास होईल म्हटले तर ऐकेना. सकाळी पत्र्याचा डबा माझ्या पिशवीत कोंबत म्हणाली, “हा तू एकट्याने संपवायचा नाही. आपल्या पोरांना दे.”

“कुठल्या पोरांना?”

“अरे, तिथल्या. पाचजण आहेत ना?”

मी उंबरठ्याबाहेर पडून “येतो” म्हटले. ती “ये” म्हणाली.

जानेवारीच्या पहिल्या तासाला डबा उघडला. बाहेर बर्फ होता आणि वर्गात तिळाचा नि तिखटाचा वास. आईने काय सांगून डबा दिला ते मी फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिले. चष्मेवाल्या मुलीने ते दोनदा वाचले, चकली हातात तशीच धरली आणि म्हणाली, “पण त्या तर आम्हाला ओळखत नाहीत.”