भाऊबीजेचा लाभांश

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईचा शेअरबाजार तासाभरापुरता उघडतो आणि मुहूर्ताचे सौदे होतात. मागे एका दिवाळीत आमच्या नातवाने सोफ्यावर पाय पसरून, एका हाताने चकली खात आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर बोट फिरवत कुठल्याशा कंपनीचे दहा शेअर घेतले. मला म्हणाला, "आजोबा, तुम्हीही घ्या की! मुहूर्त चांगला आहे."

मी म्हटले, "बाबा रे, मी एका कंपनीचा मालक आहे. तेवढे मला पुरे आहे."

त्याला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण मी अक्षरशः खरे बोलत होतो. माझ्या ट्रंकेत, सौ.च्या लग्नातल्या शालूखाली, पंधराशे शेअरांची सर्टिफिकिटे आहेत. कागद जाड, कडेला वेलबुट्टी, खाली दोन संचालकांच्या ऐटबाज सह्या. कंपनी तेवढी नाही.

मी नाशिकच्या एका हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवले. सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफातोटा ही माझी खास प्रकरणे. पोरे म्हणत, सरांनी शिकवलेला नफातोटा जन्मात विसरत नाही. मला स्वतःला मात्र तो धडा पन्नाशीत, आणि तोही दुसऱ्याच्या पैशाने शिकावा लागला, ही या लेखातली खरी लाजेची गोष्ट आहे.

सुरुवात १९९२ सालची. १९९१ च्या आरंभी हजाराच्या आसपास असलेला मुंबईचा निर्देशांक १९९२ च्या एप्रिलात साडेचार हजारांच्या घरात गेला होता. ए.सी.सी.चा दोनशेच्या आगेमागे असलेला शेअर नऊ हजारांपर्यंत चढला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासायच्या सोडून भावांची पाने उघडली जात. हर्षद मेहता हे नाव तर सिनेमानटासारखे झाले होते. मग त्याच एप्रिलात सुचेता दलाल यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'तून भांडे फोडले. बँकांचे सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतले पैसे बाजारात वळवले गेले होते आणि बँकांनी एकमेकींना दिलेल्या पावत्यांपैकी कित्येक पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. बाजार धाडकन खाली आला.

मी त्या वेळी एक पैसाही लावलेला नव्हता. त्यामुळे बाजार पडल्यावर मी फार शहाणा ठरलो. न खेळलेला माणूस हरत नाही, एवढाच त्या शहाणपणाचा अर्थ होता. पण सहकाऱ्यांनी मान डोलावली आणि मला माझ्या अकलेचा भरवसा वाटू लागला. माणसाचे नुकसान व्हायला एवढी तयारी पुरते.

त्याच वर्षी मे महिन्यात भांडवल उभारणीवरचे जुने सरकारी नियंत्रण गेले. पूर्वी शेअर किती रुपयांना विकायचा हे दिल्लीतला अधिकारी ठरवी. आता ते कंपनीच ठरवू लागली. 'सेबी'ला कायद्याचे अधिकार त्याच साली मिळाले होते. पहारेकरी अजून काठी हातात घेत होता, तोवर जत्रा भरलीसुद्धा. पुढची तीनचार वर्षे नव्या कंपन्यांचे अर्ज मेन रोडवर हँडबिलांसारखे वाटले जात. कुणी कोळंबी वाढवणार, कुणी ग्रॅनाइट कापणार, कुणी सागाची झाडे लावून वीस वर्षांनी लाखो रुपये देणार.

आमची कंपनी फुलांची. काचेच्या घरात गुलाब वाढवायचे आणि विमानाने हॉलंडला पाठवायचे! नाशिकच्या माणसाला गुलाबाबद्दल शंका यावी कशी? शिवाय शेअर दर्शनी किमतीला, म्हणजे दहा रुपयांना. मी मनाशी गणित मांडले: नऊ हजारांना घेणारे बुडाले, कारण खाली पडायला जागा होती; दहा रुपयांच्या शेअरला पडायला जागाच कुठे आहे? दहा आणि शून्य यांच्यामध्ये पूर्ण दहाची जागा असते, हे मी पाचवीच्या वर्गाला बेलाशक सांगितले असते.

पाचशे शेअर मी घेतले. आणि अक्कासाठी हजार.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे अकाली गेल्यावर तिने पंचवटीत, काळारामाच्या मागच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत, शिवणकाम करून दोन मुले वाढवली. तिच्यापाशी दोन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. "नुसत्या डब्यात पडून काय उपयोग? पैसा कामाला लावावा," हे वाक्य माझे. तिने थोडा वेळ पाटल्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू म्हणतोस तर." सराफ बाजारात पाटल्या मोडून दहा हजार आले. दहा ग्रॅम सोने तेव्हा पाच हजारांच्या आत होते.

शेअर दोघांच्या नावावर घेतले. पहिले नाव माझे, म्हणजे टपाल माझ्याकडे यावे. जितके मागितले तितके सगळे शेअर मिळाले. मी पेढे वाटले. चांगल्या कंपनीचे अर्ज कितीतरी पटींनी येतात आणि पदरात मूठभर शेअर पडतात. मागितले तेवढे पदरात घालणाऱ्या दुकानात दुसरे गिऱ्हाईक आलेले नसते, हे मला कुणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१९९६ साली दिवाळीच्या तोंडावर लाभांश आला, दहा टक्के! अक्काचे हजार रुपये मी भाऊबीजेला तिच्या हातावर ठेवले. तिने वॉरंटाचा तुकडाही मागून घेतला, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवला. आमच्याच मुद्दलातला रुपया काढून आम्हालाच व्याज म्हणून दिला होता, हे पुढे कळले.

कारण त्यानंतर काहीच आले नाही. १९९७ मध्ये ना ताळेबंद, ना लाभांश. पत्रे लिहिली, 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन ती परत आली. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय शोधले, तर तिथे एक गृहस्थ क्लासची जाहिरात चिकटवीत होते. शेवटी एका रविवारी एस.टी.ने प्रत्यक्ष फुलांच्या माळावर गेलो.

काचेचे घर नव्हते. लोखंडी कमानी होत्या आणि त्यांवर फाटलेले प्लास्टिक फडफडत होते. आत शेळ्या. फाटकाशी खुर्ची टाकून एक रखवालदार बसला होता. मला पाहताच तो लगबगीने उठला.

"कंपनीकडून आलात का साहेब?"

"नाही हो. मी भागधारक. म्हणजे, तसा मालकच म्हणा."

त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं मालक, आलात. सात महिन्यांचा पगार राहिलाय."

कायद्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नव्हते. नफा असता तर मी मालक होतोच. मग पगारवेळीच मी परका कसा? मी खिशातले पन्नास रुपये काढून त्याला दिले. मालक या नात्याने दिलेला माझा तो पहिला आणि शेवटचा पगार. परतीच्या गाडीत मला त्या संचालकांचा राग आलाच, पण त्याहून जास्त वेळ डोळ्यांपुढे अक्काचे मोकळे मनगट येत राहिले.

आम्ही एकटे नव्हतो. अशा गायब झालेल्या कंपन्या इतक्या निघाल्या की त्यांचा माग काढायला सरकारला आणि सेबीला मिळून १९९९ साली समिती नेमावी लागली. आणि खासगी कंपन्यांनाच का नावे ठेवावी? १९६४ पासून घरोघरी देवघरातल्या समईसारखी तेवत आलेली युनिट ट्रस्टची 'यू.एस. ६४' योजना जुलै २००१ मध्ये सहा महिन्यांसाठी गोठवली गेली. पुढे सरकारने करमुक्त रोखे देऊन त्या युनिटधारकांना सावरले. आमच्या गुलाबांना सावरायला कुणी नव्हते.

आता माझा गुन्हा सांगतो.

१९९७ च्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो. अक्काने ओवाळले आणि सहज विचारले, "कंपनी ठीक आहे ना रे?" मी "ठीक आहे" म्हणालो आणि ओवाळणीच्या रुपयांबरोबर हजार रुपये तबकात टाकले. "लाभांश," म्हटले. पगारातून काढले होते. पुढल्या वर्षी खरे सांगायचे असे ठरवले. पुढल्या वर्षी तर सांगणे आणखी अवघड झाले. दर दिवाळीला आमच्या घरी कुठल्यातरी खर्चाला कात्री लागे आणि पंचवटीत बुडालेली कंपनी दहा टक्के लाभांश देई. २००३ मध्ये मी निवृत्त झालो. कंपनीने तरीही लाभांश कमी केला नाही.

असे बारा वर्षे चालले. मग ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'च्या रामलिंग राजूंचे ते पत्र जाहीर झाले. ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नाहीच, असे अध्यक्षांनी स्वतः लिहून दिले होते. आदल्याच वर्षी या कंपनीला उत्तम कारभाराचा सोनेरी मोराचा पुरस्कार मिळाला होता! पुढे २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलात तिला स्थगिती मिळाली, तो भाग निराळा. त्या पत्रात राजूंनी म्हटले होते की आपण वाघावर स्वार झालो होतो आणि त्याने खाल्ल्यावाचून खाली उतरावे कसे ते कळत नव्हते.

साऱ्या देशाने त्यांना शिव्या दिल्या. मीही तोंड उघडले आणि मिटले. नसलेला पैसा असल्याचे दाखवणे, दरवर्षी आकडा तोच ठेवणे, समोरच्याचा विश्वास हेच भांडवल समजणे. माझा वाघ लहान होता एवढेच. त्यांनी लोकांचे पैसे खोटे दाखवले आणि मी पदरचे भरले, हा फरक मी स्वतःला पुष्कळदा समजावला. पण खोटी वही ती खोटी वहीच.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पाटावर बसण्याआधीच मी म्हटले, "अक्का, ती कंपनी बुडाली."

ती तबकात सुपारी ठेवत होती. "कधी?"

"बारा वर्षं झाली."

"तेरावं चालू असेल," अक्का म्हणाली. "पहिल्या वर्षी कागद आला होता. पुढं नुसत्या नोटा यायला लागल्या. कंपनी कागद पाठवते रे. नोटा भाऊ पाठवतो. आणि कंपनीला भाऊबीज कशी कळायची?"

मला काही सुचेना. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लाजेनं दिवाळीला यायचा थांबला असतास. मेहुण्यांच्या माघारी माहेर म्हणून तू एवढाच."

माझ्यातला मास्तर अशा वेळीही गप्प बसेना. मी हिशेब सांगितला की बारा हजार म्हणजे मुद्दलावर दोन हजार जास्तच झाले. ती निरांजन पेटवता पेटवता थांबली. "पैसे मिळाले. पाटल्या नाही मिळाल्या. त्या त्यांनी पहिल्या पगारातून केल्या होत्या. त्याचं वाईट वाटतं, ते मी कशाला लपवू?" आणि मग तिने मला ओवाळले.

तिचे हे वाक्य कुठल्याही ताळेबंदात बसत नाही. सोन्याचा भाव आता दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला आहे, तेव्हा बाजारभावानेही मी तिचा देणेकरी आहेच. पण त्या पाटल्यांना बाजारभाव नव्हता. कंपन्या बुडवणाऱ्यांच्या कागदांत 'भागधारकांचे नुकसान' म्हणून एक आकडा येतो. त्या आकड्यात कुणाकुणाचा पहिला पगार आहे, ते लिहिण्याची सोय नसते.

नातवाला मी हे सारे सांगितले. त्याने मोबाइल खाली ठेवला, हेच पुष्कळ झाले. शेअर घेऊ नकोस असे मी त्याला म्हणालो नाही. चांगल्या कंपन्यांनी शहाण्या माणसांचे भलेही केले आहे. एवढेच म्हटले की आपल्या पैशाने हवे ते शीक, पण जिला 'नाही' म्हणता येत नाही अशा माणसाच्या पाटल्या मोडायला लावू नकोस. त्या दहा शेअरांची कंपनी काय करते, हे विचारल्यावर त्याला सांगता येईना. तो रात्री उशिरापर्यंत वाचत बसला होता.

अक्का आता शहाऐंशीची आहे. कागदी शेअरांचे हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंदच झाले आहे, तेव्हा माझी सर्टिफिकिटे रद्दीवाल्याशिवाय कुणाला देता येण्यासारखी नाहीत. लाभांश मात्र चालू आहे. त्या दिवशी निघताना मी तिला विचारले होते, "आता हे हजार बंद करू का?"

"बंद कशाला?" अक्का म्हणाली. "नुसतं नाव बदल. ओवाळणी म्हण. आणि तेरा वर्षांत एकदाही वाढवले नाहीस, तेही बघ जरा."

त्या दिवाळीपासून दर वर्षी शंभर रुपये वाढवतो. सरळव्याजाने.